पाऊस सरला की हौसिंगचं तेल बघा: पिकअपखाली पहिल्यांदा शिरणाऱ्यांसाठी

चवथ (गणेशचतुर्थी) होऊन पाऊस ओसरला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या अंगणात दरवर्षी एक ठरलेलं काम निघतं. पिकअपखाली जुनी ताडपत्री पसरायची, तिच्यावर खोक्याचा पुठ्ठा टाकायचा, पाठीवर आडवं व्हायचं आणि मागच्या-पुढच्या डिफरन्शियलचं (धुऱ्यावरच्या गिअरच्या गोळ्याचं) व ट्रान्सफर केसचं (पुढे-मागे जोर वाटणाऱ्या डब्याचं) तेल बघायचं. बदलायचं की नाही ते बघितल्यावर ठरतं. गेल्या वर्षी भाच्याच्या गाडीचा मागचा प्लग काढला, तर डब्यात दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी पडायला लागलं. पोराचं तोंड उतरलं.

"मामा, पण गाडी तर मस्त चालते रे!"

चालतेच. डिफरन्शियलमध्ये पाणी शिरलं म्हणून गाडी त्या दिवशी बंद पडत नाही, हीच तर त्याची खोड. काही महिन्यांनी चोर्ला घाट चढताना मागून वीऽऽ असा बारीक सूर लागतो. तो ऐकू येईपर्यंत बेअरिंगं खाल्लेली असतात आणि क्राउन-पिनियनचा, म्हणजे आतल्या मोठ्या-लहान दातेरी चाकांचा, जोड विकत घ्यायची पाळी आलेली असते.

चार चाकांना जोर जाणारी पिकअप घेतलेल्या, पण तिच्याखाली कधी न शिरलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. इंजिन ऑइल स्वतः बदललं असेल तर हे काम त्याहून अवघड नाही. जागा अडचणीची आहे आणि तेलाला वास घाण येतो, एवढंच. फक्त मागच्या दोन चाकांना जोर जाणारी गाडी असेल तर तुमचं काम अर्ध्याहून कमी: फक्त मागचं हौसिंग.

खाली काय काय दिसतं

मागच्या दोन चाकांच्या मधे धुऱ्यावर जो लोखंडी गोळा फुगलेला दिसतो ते डिफरन्शियलचं हौसिंग. लांब फिरता शाफ्ट गिअरबॉक्सकडून येऊन त्यालाच जोडलेला असतो. आतला पिनियन साधारण चार वेळा फिरला की चाक एकदा फिरतं; म्हणून वजन ओढायला ताकद मिळते. आणि वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, तो फरक सांभाळायचं काम आतले छोटे गिअर करतात.

तसाच, पण लहान गोळा पुढच्या बाजूला असतो, बहुतेक वेळा मधोमध नसून एका अंगाला सरकलेला. आणि गिअरबॉक्सच्या मागे चिकटलेला, ज्यातून एक शाफ्ट मागे आणि एक पुढे जातो, तो ट्रान्सफर केस. टू-एच (जोर फक्त मागच्या चाकांना), फोर-एच (चारही चाकांना) आणि फोर-एल (चारही, पण हळू आणि जास्त ताकदीने) या तिन्ही खुंट्या त्याच्याच.

तिन्हींना बहुतेक वेळा दोन-दोन प्लग असतात. वरचा भरण्याचा, खालचा काढण्याचा. वरचा प्लग हीच पातळीची खूणही: छिद्राच्या खालच्या काठापर्यंत तेल असलं की भरलं. याला डिपस्टिक नसते, म्हणून कोणी बघत नाही.

पाणी आत जातं कसं

यावर थोडं जास्त बोलतो, कारण गोव्यात या तेलाचा खरा शत्रू पाणी आहे. आपल्याकडे पाऊस इंचांत मोजतात आणि शंभर इंच तो सहज ओलांडतो. हँडबुकात किलोमीटरचा आकडा लिहिलेला असतो, तो पाळाच; पण गाडीने या वर्षी किती वेळा धुऱ्याच्या वर पाणी बघितलं, हा हिशेब मी त्याच्या आधी मांडतो.

तासभर चाललेलं हौसिंग हात टेकवत नाही इतकं तापतं. आतली हवा फुगते आणि वरच्या बाजूला असलेल्या एका छोट्या नळीतून किंवा टोपीतून बाहेर पडते. ती नळी म्हणजे ब्रीदर. आता तशीच तापलेली गाडी तुम्ही ओहोळात घातली, किंवा वरून पाणी जाणाऱ्या कॉजवेवरून काढली. लोखंड झटकन गार होतं, आतली हवा आक्रसते आणि बाहेरून मिळेल ते ओढून घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर त्यातून पाणी जातं. ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर सीलच्या, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या, ओठांतून जातं. खोल पाण्यात तासभर उभं राहावं लागत नाही, एक गार डुबकी पुरते.

बुजलेल्या ब्रीदरचा उलटा त्रासही आहे आणि तो मी पैसे मोजून शिकलो. माझ्या गाडीच्या पिनियन सीलमधून तेल झिरपायचं. एका गॅरेजात सील बदलून घेतलं. दोन महिन्यांत परत तेच. पुन्हा बदललं, पुन्हा झिरपलं. "पार्ट डुप्लिकेट आला असेल," असं उत्तर मिळालं. पुढे एकदा कुळ्याला थांबलो होतो. दूधसागरच्या जीपा चालवणारा एक जुना ड्रायव्हर खाली वाकून बघायला लागला. त्याने धुऱ्यावरची बोटाच्या पेराएवढी टोपी बोटांत धरून फिरवली. तांबड्या मातीने ती सिमेंट केल्यासारखी बसली होती. टोपी सुटली आणि फुस्स करून हवा बाहेर आली. "सील कित्याक बदलता रे, ताका स्वास घेवंक दी," म्हणाला. वाट नसलेली गरम हवा सीलमधून तेल ढकलत होती. त्या दिवसापासून ते सील तसंच आहे.

तेव्हा पहिली पायरी, अगदी पाना हातात घ्यायच्या आधी: ब्रीदर शोधा. टोपी असेल तर ती बोटाने हलते ना बघा. नळी असेल तर तिचं वरचं टोक काढून फुंकर मारा.

कुठलं तेल

दुकानात जाऊन "नव्वद नंबर द्या" म्हटलं की डबा मिळतो, पण नव्वद नंबर हा फक्त जाडीचा आकडा झाला. डब्यावर दुसरी एक खूण असते, जीएल-४ किंवा जीएल-५, आणि डिफरन्शियलसाठी तीच महत्त्वाची.

डिफरन्शियलमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. त्यामुळे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात, आणि तेही प्रचंड दाबाखाली. साधं तेल तिथून पिळून निघून जातं. म्हणून जीएल-५ तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. ती दात्यांवर पातळ थर धरतात आणि लोखंडाऐवजी तो थर झिजतो. या तेलाला सडक्या अंड्याचा वास येतो तो त्या गंधकामुळे. बऱ्याच मॅन्युअल गिअरबॉक्सना मात्र जीएल-४ सांगितलेलं असतं, कारण आतल्या पितळी रिंगांना जीएल-५ मधली रसायनं मानवत नाहीत. तेव्हा "एकच डबा सगळीकडे" हा हिशेब करू नका.

बहुतेक पिकअपच्या मागच्या धुऱ्याला ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० जीएल-५ लागतं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा. वाळपईत बर्फ पडत नाही, त्यामुळे त्यावर डोकं शिणवायचं कारण नाही. दुसरा आकडा हँडबुकाशी जुळवा. मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकळं गरगरू न देणारं) असेल तर त्याला वेगळं फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे तेलात मिसळायचं रसायन, लागतं, किंवा ते आधीच घातलेलं तेल लागतं. साधं तेल भरलं तर वळताना मागून खडखड सुरू होते.

ट्रान्सफर केसचं मात्र अंदाजाने काहीही करू नका. काही गाड्यांत त्याला गिअर ऑइल लागतं. काहींत आतमध्ये साखळी असते आणि एटीएफ लागतं, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ, लाल तेल. लाल तेलाच्या जागी नव्वद नंबर गेलं तर खुंटी बदलताना अडकते, आणि उलट झालं तर दाते उघडे पडतात. हँडबुकात 'क्षमता' किंवा 'वंगण' असं पान असतं. त्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून तोच दुकानदाराला दाखवा.

किती लागेल तेही त्याच पानावर असतं. अंदाजासाठी सांगतो: मागे दोन ते तीन लिटर, पुढे एक-दीड, ट्रान्सफर केसला एक ते दोन. प्रत्येकी अर्धा लिटर जास्त घ्या. काही सांडतंच, आणि रविवारी दुपारी गाडी उघडी पडलेली असताना म्हापशाला तेलासाठी धावणं हा अनुभव घेण्यासारखा नाही.

सामान

प्लगची डोकी गाडीगणिक वेगळी असतात. कुठे मोठा षटकोनी बोल्ट, कुठे आत अर्ध्या इंचाचा चौकोनी खड्डा, कुठे ॲलन की लागणारी. आदल्या दिवशी खाली शिरून बघा आणि नेमका तोच सॉकेट आणा. सॉकेट सहा कोनांचा घ्या. बारा कोनांचा घट्ट प्लगवर घसरतो आणि कोपरे गोल करून ठेवतो. लांब टॉमी (सॉकेट फिरवायचा दांडा), हातोडा, तारेचा ब्रश, गंज सुटायचा स्प्रे, पाचेक लिटर मावेल असं पसरट टोपलं, लिटरच्या खुणा असलेला जुना कॅन, चिंध्या. प्लगखालचे वायसर नवे आणा, तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे. हातात रबरी ग्लोव्ह्ज घाला. या तेलाचा वास हाताला दोन दिवस राहतो आणि जेवताना आठवण करून देतो.

आणि पंप. भरायचं छिद्र आडवं असतं, वर जागा नसते, त्यामुळे नरसाळं चालत नाही. हाताने दाबायचा पंप मिळतो तो उत्तम. नसेल तर दुसरी युक्ती: दोनेक मीटर पारदर्शक नळी, तिच्या वरच्या टोकाला नरसाळं. नळी चाकाच्या कमानीतून खाली घ्यायची, एकाने वरून ओतायचं, दुसऱ्याने खाली टोक धरायचं. तेल जाड असल्यामुळे वेळ लागतो. पोरांना ओतायला आवडतं.

गाडी कशी उभी करायची

सपाट जागेवर. उतारावर उभी गाडी खोटी पातळी दाखवते. बहुतेक पिकअप इतक्या उंच असतात की जॅक न लावता माणूस खाली जातो, आणि माझा सल्ला तोच: जॅक लावूच नका. गाडी चार चाकांवर समतल राहते, पातळी खरी मिळते आणि अंगावर काही पडण्याची भीती राहत नाही.

अंग जाड असेल, जागा पुरत नसेल आणि उचलावीच लागली तर चारही बाजूंनी सारखी उचला, चारही कोपऱ्यांना पक्के स्टँड लावा, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नका. पावसाने मऊ झालेल्या तांबड्या मातीत जॅक अर्ध्या तासात बोटभर खचतो. खाली जाड फळी हवीच.

हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचर मारा. पाचर कशाला, गिअर आहे की, असं वाटेल. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये राहिला असेल तर गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटलेला असतो, आणि गिअरमधली गाडीही घरंगळते. तसंच एकच मागचं चाक उचललं तर डिफरन्शियल त्या लटकत्या चाकाला मोकळं फिरू देतं. गिअरचा भरवसा तिथेही संपला.

सुरुवात करण्याआधी गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा. कोमट तेल पातळ होऊन वाहतं आणि तळातला गाळ घेऊन येतं. घाट उतरून आल्या आल्या मात्र उघडू नका, भाजेल.

आधी वरचा प्लग

हे वाक्य पाठ करा. आधी भरायचा प्लग सुटतो की नाही ते बघायचं, मग काढायच्या प्लगला हात लावायचा.

मी पहिल्या वर्षी उलट केलं. खालचा प्लग सहज निघाला, सगळं तेल डब्यात आलं, मी खूश. मग वरच्या प्लगला सॉकेट लावला तर तो जागचा हलेना. वर्षानुवर्षं कोणी उघडलेला नव्हता. संध्याकाळ झाली, पाऊस आला, आणि काजूच्या पोत्यांसाठी दुसऱ्या दिवशी लागणारी गाडी बिनतेलाची अंगणात उभी. शेवटी शेजाऱ्याच्या टेंपोने पोती गेली. वरचा प्लग आधी तपासला असता तर जुन्या तेलावर गाडी निवांत चालली असती.

न सुटणाऱ्या प्लगचं असं: भोवतालचा चिखल ब्रशने पूर्ण काढा, नाहीतर प्लग सुटताच ती माती आत पडते. स्प्रे मारून रात्रभर ठेवा. सकाळी प्लगच्या डोक्यावर हातोडीने सरळ, मध्यम चार-पाच ठोके द्या. आट्यांमधला गंज त्याने तुटतो. मग लांब टॉमीने एकसारखा जोर लावा, हिसके देऊ नका. सॉकेट घसरायला लागला तर तिथेच थांबा. प्लगचे कोपरे गोल झाले की गाडी वेल्डिंगवाल्याकडे न्यावी लागते, आणि त्यात माज दाखवण्यासारखं काही नाही. किनाऱ्याकडच्या, फेरीच्या धक्क्यावर रोज चढणाऱ्या किंवा मिठागरातून माल आणणाऱ्या गाड्यांचे प्लग खाऱ्या पाण्याने जास्त धरतात. त्यांनी दरवर्षी नुसते उघडून बंद केले तरी पुढचा त्रास वाचतो.

तेल काढा आणि वाचा

वरचा प्लग ढिला झाला, आता टोपलं खाली सरकवून खालचा काढा. शेवटचे आटे हाताने फिरवा आणि प्लग बाजूला ओढून घ्या, नाहीतर तो तेलात पडतो आणि कोपरापर्यंत हात घालावा लागतो. धार आधी टोपल्याच्या पुढच्या काठाकडे जाते आणि मग मागे सरकते, टोपलं तसं हलवा.

धार थांबेपर्यंत पंधरा मिनिटं लागतात. तोवर प्लग बघा. खालच्या प्लगला बहुधा चुंबक असतो. त्यावर राखाडी, काजळासारखी मऊ पेस्ट असेल तर काळजी नको, ती दात्यांची रोजची झीज. बोटांत चोळल्यावर खरखरीत लागली तर पुढच्या वेळी लवकर उघडा. नखाएवढा तुकडा, दात्याचा कोपरा किंवा सुईसारखे तुकडे दिसले तर नवं तेल भरून उपयोग नाही. हौसिंग उघडावं लागणार.

मग तेलाचा रंग. मधासारखं किंवा गडद तपकिरी चालतं. काळं आणि जळका वास म्हणजे तापलंय, ओझं जास्त झालंय किंवा तेल कमी होतं. करडं, चहासारखं, फेसाळ म्हणजे पाणी. काही वेळा पाणी तेलात मिसळलेलं नसतं. रात्रभर उभ्या गाडीत ते तळाला बसतं आणि प्लग सुटताच आधी स्वच्छ पाण्याची एक चूळ बाहेर पडते. म्हणून फक्त पाणी आहे का एवढंच बघायचं असेल तर गाडी न चालवता, सकाळी, प्लग किंचित ढिला करून दोन थेंब बघा.

शेवटी ते तेल खुणांच्या कॅनमध्ये ओतून मोजा. हँडबुकात अडीच लिटर आणि निघालं पावणेदोन, तर उरलेलं कुठे गेलं ते शोधा. चाकाच्या आतल्या बाजूला ओलं असेल तर ॲक्सल सील गेलंय, आणि ते तेल ब्रेकवर उतरत असेल तर तो प्रश्न तेलापेक्षा मोठा आहे.

दुधाळ तेल निघालं तर एकदा भरून भागत नाही, धुऱ्याच्या नळ्यांमध्ये पाणी राहतं. योग्य दर्जाचं पण स्वस्तातलं तेल भरा, वीस-तीस किलोमीटर चालवा, परत काढा. स्वच्छ निघेपर्यंत असंच करायचं. डिझेल किंवा रॉकेलने धुवायची पद्धत गॅरेजांत सर्रास दिसते. मला ती पटत नाही. सगळं डिझेल बाहेर येत नाही आणि राहिलेलं नव्या तेलाला पातळ करतं.

काही हौसिंगना खालचा प्लगच नसतो. मग एकतर वरच्या छिद्रातून पंपाने तेल ओढून काढायचं, किंवा मागचं झाकण खोलायचं. झाकणाचे खालचे बोल्ट पूर्ण काढा, वरचे दोन अर्धवट ठेवा आणि खालून हलकेच उचकटा, म्हणजे झाकण आणि तेल एकदम अंगावर येत नाही. जुनं सिलिकॉन खरवडून, पुसून, नव्याची सलग रेघ बोल्टच्या छिद्रांच्या आतल्या बाजूने ओढायची आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ जाऊ द्यायचा.

भरणं

खालचा प्लग पुसून, नवा वायसर घालून आधी हाताने बसवा. चार आटे हाताने गेले म्हणजे तिरका बसलेला नाही. मग पान्याने आवळा. किती आवळायचं त्याचा आकडा हँडबुकात असतो; टॉर्क पाना नसेल तर फूटभर पान्यावर एका हाताचा घट्ट जोर पुरे. टॉमीवर लोंबकळू नका.

वरच्या छिद्रातून तेल भरत राहा. काठावरून बारीक धार बाहेर आली की थांबा, धारेचे थेंब होऊ द्या, मग प्लग लावा. खात्री हवी तर करंगळी आत घालून खाली वाकवा. टोकाला तेल लागलं पाहिजे. थोडं जास्त बरं, असं इथे नसतं. जास्त तेल घुसळून फेसाळतं, तापतं आणि सीलमधून वाट काढतं.

पुढच्या डिफरन्शियलला हेच सगळं, कमी तेलात. खाली संरक्षक पत्रा असेल तर तो काढावा लागतो. त्याचे बोल्ट कुठले कुठे होते ते लक्षात ठेवा. आपण पुढची चाकं कुठे वापरतो, असं म्हणून लोक हे टाळतात. पण पाणी तुमचा फोर-एच लावण्याची वाट बघत नाही.

ट्रान्सफर केस

इथे एकच घोटाळा पुन्हा पुन्हा होतो: खाली झोपल्यावर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकच डबडं वाटतं, आणि माणूस गिअरबॉक्सचा प्लग काढून बसतो. पुढे जाणारा शाफ्ट पकडा आणि तो ज्या डब्यात शिरतो तिथपर्यंत या. दोन्ही प्लग बहुतेक त्याच्या मागच्या तोंडावर, एकावर एक असतात. खडूने खूण करा, मगच पाना लावा.

हे कवच ॲल्युमिनियमचं असतं. लोखंडी हौसिंगला लावलेला जोर इथे लावलात तर आटे निघून हातात येतील, आणि मग अख्खं कवच. हलक्या हाताने. बाकी क्रम तोच: वरचा आधी, खालचा मग, मोजा, भरा, थेंब थांबेपर्यंत थांबा.

मोजताना इथे एक खास गोष्ट कळते. भरलं होतं त्यापेक्षा जास्त तेल निघालं तर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधलं सील गेलेलं असू शकतं. गिअरबॉक्सचं तेल इकडे उतरतंय. मग गिअरबॉक्सची पातळीही लगेच बघा.

झाल्यावर मोकळ्या, मातीच्या जागेवर गाडी नेऊन टू-एच, फोर-एच, फोर-एल सगळं एकदा लावून बघा. डांबरी रस्त्यावर हे करू नका. पार्ट-टाइम प्रकारात (चारही चाकांचा जोर लागेल तेव्हाच लावायचा) पुढची-मागची चाकं एकाच वेगाने बांधली जातात, वळताना घसरायला माती नसली तर सगळा ताण शाफ्टवर आणि गिअरवर येतो.

जुनं तेल

आपल्याकडे ते कुंपणाच्या खांबांना वाळवीसाठी चोपडायची सवय आहे. उरलेलं मागच्या गटारात. जांभा सच्छिद्र आहे, वर ओतलेलं खाली झिरपतं आणि खाली विहीर आहे. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून अशा गॅरेजला द्या जिथून ते अधिकृत पुनर्वापरवाल्याकडे जातं. देण्याआधी तसं विचारून घ्या. अंगणात सांडलं तर पाण्याने धुवू नका, लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून घ्या.

पन्नासेक किलोमीटर झाल्यावर परत खाली शिरून सहाही प्लग कोरड्या फडक्याने पुसून बघा. तारीख आणि मीटरचा आकडा मी पांढऱ्या रंगाने चेसीच्या आतल्या बाजूला लिहितो. वही हरवते, चेसी हरवत नाही.

भाच्याच्या गाडीचं तेल आम्ही त्या आठवड्यात तीनदा काढलं. पहिल्यांदा चहा, दुसऱ्यांदा ताकासारखी झाक, तिसऱ्यांदा स्वच्छ. चुंबकावर पेस्ट होती, तुकडे नव्हते, वेळेत सापडलं. ब्रीदरची टोपी काढून तिथे तेलाला टिकणारी रबरी नळी बसवली आणि चेसीच्या कडेने वर नेऊन मागच्या दिव्याच्या आत बांधली, टोक खाली वळवून. या पावसाळ्यात त्याने तीच गाडी दोनदा तरी पाण्यातून काढली असणार, आईला न सांगता. परवा प्लग ढिला करून बघितलं. दोन थेंब पडले, मधाच्या रंगाचे. प्लग परत आवळला आणि त्याला म्हटलं, आता ट्रान्सफर केस तू बघ, मी चहा घेतो.